टर्बो पेट्रोल गाडीला ऑइल कॅच कॅन बसवावा का, आणि बसवायचा तर कोणत्या नळीवर?

मनीषनगरकर

सर्वांना नमस्कार. माझी गाडी एक लिटर, तीन सिलिंडर, टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन असलेली बीएस-६ पेट्रोल गाडी आहे. ती साठ हजार किलोमीटरच्या आसपास चालली असून कंपनीची वॉरंटी संपलेली आहे. एरवी नागपुरात मनीषनगर ते सिव्हिल लाइन्स एवढेच जाणे-येणे असते. मात्र घरची काही मंडळी छत्रपती संभाजीनगरला असल्यामुळे शिवमडक्याहून समृद्धी महामार्गाला लागून ताशी ११०-१२० किलोमीटर वेगाने सलग गाडी चालवण्याचे प्रसंगही वारंवार येतात.

गेल्या सर्व्हिसिंगच्या वेळी इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोने दाबून तापलेली हवा थंड करणाऱ्या भागाचा, पाइप उघडला असता आत तेलाचा पातळ थर आणि खालच्या वळणावर चमचाभर साचलेले तेल आढळले. एका गॅरेजमध्ये टर्बोचे सील गेले असून टर्बो बदलावा लागेल असे सांगण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी यात विशेष काही नाही, कॅच कॅन, म्हणजे इंजिनातून येणाऱ्या वायूंतले तेल अडवून साठवणारा छोटा डबा, लावून टाका, असा सल्ला मिळाला. गाडी धूर सोडत नाही, पिकअप नेहमीसारखा आहे आणि दोन सर्व्हिसिंगच्या मधे वरून ऑइल टाकावे लागत नाही.

कॅच कॅनने हे तेल खरोखर थांबते का, तो इंजिनच्या नेमक्या कोणत्या नळीवर बसवतात, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात बॉनेटखालच्या तापमानात त्याचा काही उपयोग राहतो का, हे मला समजून घ्यायचे आहे. बाजारात हजारापासून पंधरा हजारांपर्यंतचे कॅन दिसतात. त्यांच्यात फरक काय, हेही जाणकारांनी सांगावे.

यंत्रवेडा

आपल्या वर्णनावरून टर्बो गेल्याचे लक्षण दिसत नाही. टर्बोचे सील खरोखर गेले असते तर निळसर धूर दिसला असता आणि ऑइलची पातळी उतरली असती. इंटरकूलरच्या पाइपात तेलाचा थर असणे टर्बो गाड्यांत नित्याचे आहे, आणि त्याचे कारण समजले की कॅन कुठे बसवायचा हा प्रश्न आपोआप सुटतो.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी दाबाखालील वायूंचा थोडा अंश त्यांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या पोकळीत, उतरतो. यालाच ब्लो-बाय म्हणतात. त्यात न जळलेले पेट्रोल, पाण्याची वाफ आणि क्रँकच्या घुसळणीने उडालेले तेलाचे सूक्ष्म थेंब असतात. हे वायू बाहेर काढले नाहीत तर आतला दाब वाढून सील गळू लागतात. जुन्या काळच्या गाड्यांत ते एका नळीवाटे सरळ रस्त्यावर सोडले जात. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासून ते पुन्हा इंजिनातच ओढून जाळण्याची व्यवस्था आली, आणि तीच आज पीसीव्ही या नावाने प्रत्येक गाडीत असते.

टर्बो गाडीत या वायूंना दोन वाटा असतात, आणि सगळा गोंधळ इथेच होतो. गाडी आयडलवर किंवा हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांत हवा वाटणाऱ्या नळ्यांत, व्हॅक्युम असतो, त्यामुळे पीसीव्ही व्हॉल्व्हमधून वायू थेट मॅनिफोल्डमध्ये ओढले जातात. टर्बो दाब देऊ लागला की मॅनिफोल्डमधील दाब वातावरणापेक्षा जास्त होतो, व्हॉल्व्ह बंद होतो, आणि तेच वायू टॅपेट कव्हरवरील (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावरील) ब्रीदर नळीतून एअर फिल्टर व टर्बो यांच्या मधल्या पाइपात जातात. तेथून टर्बो, टर्बोतून इंटरकूलर. आपल्या पाइपातले तेल बहुतेक या दुसऱ्या वाटेने आलेले आहे. समृद्धीवर तासन्‌तास वेगात चालणाऱ्या गाडीत ही वाट जास्त वापरली जाते, म्हणून ते साचलेलेही दिसते. अनेक जण व्हिडिओ पाहून पहिल्या वाटेवर कॅन लावतात आणि इंटरकूलर तसाच ओला राहिला म्हणून कॅनला दोष देतात.

तेल कोणत्याही वाटेने आले तरी शेवटी ते इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पोहोचते. जुन्या एमपीएफआय (पेट्रोल सिलिंडरबाहेर इनटेकच्या वाटेत फवारणाऱ्या) इंजिनात पेट्रोलचा फवारा व्हॉल्व्हवरच पडत असल्यामुळे तो धुतला जाई. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये जाते, त्यामुळे तेलाचा अंश तापून व्हॉल्व्हवर काळा थर बसत जातो. टाकीत ओतायचे क्लीनरही या कारणाने त्या थरापर्यंत पोहोचत नाही. टोयोटाने आपल्या डी-४एस रचनेत दोन्ही प्रकारचे इंजेक्टर ठेवले, त्याचा एक फायदा हा थर न साचण्याचाही आहे. तेव्हा कॅच कॅनची कल्पना मुळात चुकीची नाही. तो सगळे तेल मात्र अडवत नाही, आणि आधीच बसलेला थर तर अजिबात काढत नाही.

वाडी नाका गॅरेज

वरील माहिती योग्य आहे, पण मी क्रम बदलून सांगेन. आमच्याकडे कॅच कॅन लावून द्या म्हणून येणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचा आजार वेगळाच निघतो, आणि कॅन लावला की तो आजार काही काळ झाकला जातो. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे ऑइलची पातळी. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. डबा साडेतीन लिटरचा आहे म्हणून साडेतीनही लिटर ओतण्याची सवय अनेक ठिकाणी आहे, मग त्या इंजिनाला तीन लिटर पुरत असले तरी. पातळी वरच्या खुणेच्या पलीकडे गेली की ऑइल जास्त उडते आणि ब्रीदरमधून जास्त बाहेर पडते. निम्म्या तक्रारी जास्तीचे ऑइल काढल्यावर थांबतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट बॅक कॉम्प्रेशनची, म्हणजे क्रँककेसमधल्या दाबाची. इंजिन गरम झाल्यावर आयडलवर ठेवून ऑइल भरण्याचे झाकण उघडावे आणि त्या तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी धरावी. पिशवी अलगद आत ओढली गेली तर पीसीव्ही काम करते आहे. पिशवी फुगली आणि तोंडातून धूर भकाभका येऊ लागला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत किंवा पीसीव्ही चोंदला आहे. पिशवी जोराने आत खेचली गेली, झाकण उघडतानाच जड लागले आणि इंजिनातून शिटीसारखा आवाज आला, तर पीसीव्हीमधील रबरी पडदा फाटला आहे. हा पडदा फाटला असेल तर मॅनिफोल्ड तेल सरळ शोषून घेते. अशा गाडीला कॅन लावणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. पडदा किंवा टॅपेट कव्हर बदलले की काम होते.

तिसरी गोष्ट ऑइलचा दर्जा. कंपनीने सांगितलेलाच ग्रेड आणि एपीआय या अमेरिकी संस्थेच्या एसपी दर्जाचे ऑइल वापरावे. ऑइल २५० अंशांवर तासभर ठेवून त्याचे किती वजन उडून जाते हे मोजणारी नोअ‍ॅक नावाची चाचणी आहे. एसपी दर्जाच्या ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० यांसारख्या हलक्या ग्रेडना तिची कमाल मर्यादा १५ टक्के आहे, तर युरोपीय एसीईए सी३ दर्जाला १३ टक्के. ऑइल जितके कमी उडेल तितके कमी ब्रीदरमध्ये जाईल. पंधरा हजारांच्या कॅनपेक्षा हा फरक मला स्वस्त वाटतो.

मनीषनगरकर

दोघांचेही आभार. वाडी नाका यांनी सांगितल्याप्रमाणे तपासणी करून घेतली. पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर होती. जास्तीचे ऑइल काढून टाकले. पिशवी अलगद आत ओढली गेली, झाकण जड लागले नाही, शिटीही नाही. ब्रीदरची नळी टॅपेट कव्हरवरून निघून टर्बोच्या आधीच्या पाइपात जाते, ती स्पष्ट दिसते. मात्र मॅनिफोल्डकडे जाणारी नळी कुठेच सापडली नाही.

व्हॉल्व्ह साफ ठेवण्यासाठी आणि समृद्धीवरच्या प्रवासासाठी कॅन बसवावा असे मला अजूनही वाटते. ते हाताने करण्याजोगे काम असेल तर नळीचे माप, कॅनची जागा आणि घ्यावयाची काळजी कृपया सांगावी.

हिंगणा एमआयडीसी

मॅनिफोल्डकडची नळी सापडत नाही याचे कारण बहुधा असे आहे की आपल्या इंजिनात पीसीव्ही व्हॉल्व्ह टॅपेट कव्हरमध्येच बसवलेला असून मॅनिफोल्डकडची वाट आतल्या आतच ओतीव केलेली आहे. आजकालच्या बऱ्याच लहान टर्बो इंजिनांत ही रचना असते. याचा अर्थ असा, की कॅन फक्त बाहेरच्या ब्रीदर नळीवर, म्हणजे वेगात असताना वापरल्या जाणाऱ्या वाटेवर बसू शकतो. शहरातल्या वापरात आतल्या वाटेने जाणारे तेल त्याला दिसणारही नाही. एवढे मान्य असेल तरच पुढे जावे. आपल्या वापरात महामार्गाचा वाटा मोठा असल्यामुळे ते अगदीच व्यर्थ ठरणार नाही.

कॅन निवडताना बाहेरचे अ‍ॅनोडाइज्ड रंग न पाहता झाकण उघडून आत काय आहे ते पाहावे. हजार रुपयांच्या बहुतेक कॅनमध्ये आत काहीच नसते. वायू एका तोंडातून येतो आणि दुसऱ्यातून तेल घेऊन तसाच निघून जातो. आत पडदे हवेत, ज्यांवर आपटून थेंब एकत्र येतील, आणि त्यानंतर स्टेनलेस जाळीचा किंवा घट्ट बसवलेल्या फिल्टरचा थर हवा. रिकाम्या कॅनमध्ये भांडी घासायची तारेची घासणी कोंबण्याचा उपाय बरेच जण सुचवतात. तो कृपया करू नये. त्या तारा गंजतात, तुटतात आणि पुढे टर्बोच्या पात्यांवर जातात. खाली तेल काढण्यासाठी कॉक आणि पातळी दिसण्यासाठी छोटी डिपस्टिक असावी. बाजूला लावलेली पारदर्शक प्लास्टिकची नळी दोन उन्हाळ्यांत पिवळी पडते आणि तडकते.

नळीचे आतले माप मूळ ब्रीदर नळीएवढेच असावे, त्याहून कमी कदापि नको. कॅनची तोंडे मोजायला मात्र लोक विसरतात. होज १९ मिलिमीटरचा आणि कॅनचे तोंड आतून ९ मिलिमीटरचे असले तर वाट अरुंदच राहते, क्रँककेसमधला दाब वाढतो, आणि काही महिन्यांनी गिअरबॉक्सच्या बाजूचे क्रँकचे सील गळू लागते. ते बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. होज ऑइल सहन करणारा, नायट्राइल रबराचा आणि आत धाग्याचे वेष्टन असलेला घ्यावा. रेडिएटरचा किंवा बागेतला पाइप ऑइलच्या वाफेने फुगून मऊ पडतो. एमआयडीसीत हायड्रॉलिक होजची दुकाने आहेत, इतवारीत लोहाओळीच्या बाजूलाही क्लॅम्प आणि जोड मिळतात. मूळ नळी कापू नये. तिची दोन्ही टोके दाबून बसणाऱ्या कपलिंगची असतात, त्यांच्या मापाचे अ‍ॅडॅप्टर घेऊन वेगळी नळी तयार करावी आणि मूळ नळी घरी जपून ठेवावी, म्हणजे कधीही पूर्ववत करता येते.

आता जागा. आपल्या उन्हाळ्याबद्दलचा प्रश्न रास्त आहे. कॅनमध्ये वाफेचे थेंब होण्यासाठी कॅन वायूपेक्षा थंड असावा लागतो. क्रँककेसमधले वायू इंजिनाइतके तापलेले असतात, त्यामुळे बाहेर ४५ अंश असले तरी तापमानात फरक उरतो. मात्र कॅन टर्बोच्या किंवा एक्झॉस्टच्या शेजारी बांधला तर तो फरक संपतो आणि कॅन नावापुरता राहतो. बॅटरीच्या पुढची किंवा हेडलाइटच्या मागची, जिथे पुढून वारा लागतो अशी जागा शोधावी. ब्रॅकेट बॉडीला बसवावे, टॅपेट कव्हरला नाही, आणि नळीत थोडी ढील ठेवावी, कारण तीन सिलिंडरचे इंजिन आयडलवर चांगलेच हलते. इंजिनापासून कॅनकडे नळीला उतार असावा. मधे झोळ राहिला तर त्यात पाणी आणि तेल साचून वाटच बंद होते. बसवून झाल्यावर इंजिन चालू करून प्रत्येक जोडाजवळ साबणाचे पाणी लावून फुगे येत नाहीत ना, फेस आत ओढला जात नाही ना, हे पाहावे. एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत त्याच्या पुढे कुठेही हवा आत शिरली तर तिचे मोजमाप होत नाही. आयडल डळमळते आणि पी०१७१ हा मिश्रण पातळ झाल्याचा कोड येतो. मॅप सेन्सरवर, म्हणजे मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवेचा अंदाज घेणाऱ्या सेन्सरवर, चालणाऱ्या गाडीत तसा कोड येईलच असे नाही, पण न गाळलेली धूळ टर्बोत जाते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ती काही थोडी नसते.

यंत्रवेडा

एक भर घालतो. काही ठिकाणी कॅनच्या दुसऱ्या तोंडावर छोटा फिल्टर लावून वायू बाहेर सोडून देतात आणि टर्बोकडचे तोंड बुजवून टाकतात. दिसायला ते सोपे आहे, पण रस्त्यावरच्या गाडीत तसे करू नये. क्रँककेसचे वायू वातावरणात सोडायचे नाहीत ही उत्सर्जन नियमांतील मूलभूत अट आहे, आणि सिग्नलवर उभे असताना पेट्रोल-ऑइलचा वास एसीतून आत येतो तो वेगळाच. बाहेर सोडणारे कॅन आले शर्यतीच्या गाड्यांतून. तिथे त्यांचा उद्देश ट्रॅकवर तेल सांडून मागच्या गाडीचे चाक घसरू नये हा होता. एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमांत दोन हजार सीसीपर्यंतच्या इंजिनाला किमान दोन लिटरचा आणि त्यावरच्या इंजिनाला तीन लिटरचा कॅन सांगितला आहे. व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवण्याशी त्या नियमाचा संबंध नव्हता. आपला कॅन बंदिस्तच असावा, म्हणजे टॅपेट कव्हरमधून कॅनमध्ये आणि कॅनमधून परत टर्बोच्या आधीच्या पाइपात.

आणखी एक फायदा क्वचितच सांगितला जातो. तेलाचा अंश पेट्रोलच्या मिश्रणात गेला की त्याची नॉकिंग (मिश्रण अवेळी स्फोटासारखे पेटणे) सहन करण्याची ताकद कमी होते. कमी वेगात, वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात मिश्रण ठिणगीपूर्वीच पेटण्याचा जो प्रकार होतो, त्याच्याशीही ऑइलच्या थेंबांचा संबंध जोडला जातो. त्यासाठीची चाचणी एपीआय एसपी दर्जात समाविष्ट आहे. म्हणून वाडी नाका यांचा ऑइलबद्दलचा मुद्दा मी कॅनच्या आधी ठेवीन.

डिझेलवाला, कामठी रोड

माझी गाडी डिझेल आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. डिझेलमध्ये थ्रॉटलमुळे होणारा व्हॅक्युम पेट्रोलसारखा नसतो. सगळे वायू एकाच वाटेने टर्बोच्या आधीच्या पाइपात जातात, त्यामुळे कॅन कुठे लावायचा हा प्रश्न उरत नाही. मात्र ईजीआरमधून, म्हणजे एक्झॉस्टचा काही वायू परत इनटेकमध्ये सोडणाऱ्या व्यवस्थेतून, येणारी काजळी आणि ब्रीदरचे तेल मॅनिफोल्डमध्ये एकत्र येऊन डांबरासारखा थर बसतो, आणि तिथे चांगल्या सेपरेटरचा उपयोग पेट्रोलपेक्षा अधिक जाणवतो. मी मान हुमेल कंपनीचा प्रोव्हेंट लावला आहे. त्यात फिल्टर चोंदला तर दाब मोकळा करणारा व्हॉल्व्ह असतो, जो साध्या कॅनमध्ये नसतो. डिझेलचे होज जाड असतात, तेव्हा पेट्रोलसाठी विकला जाणारा लहान कॅन डिझेलला लावू नये.

मनीषनगरकर

खूप उपयुक्त माहिती मिळाली. शेवटचे दोन प्रश्न आहेत. कॅन किती दिवसांनी रिकामा करावा, आणि त्यातून निघालेले तेल परत इंजिनात टाकता येते का? एका विक्रेत्याने तसे सांगितले होते.

हिंगणा एमआयडीसी

परत टाकू नये. त्यात पाणी, न जळलेले पेट्रोल आणि आम्ले असतात. ते ऑइल राहिलेले नसते. हिवाळ्यात, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान एक अंकी झाले आणि गाडी फक्त मनीषनगर ते सिव्हिल लाइन्स चालली, तर इंजिन पुरेसे तापत नाही आणि कॅनमध्ये पांढुरके, पाणीच जास्त असलेले द्रव निघते. ते पाहून हेड गॅस्केट गेले असे समजून घाबरू नये. कूलंटची पातळी जागेवर असेल तर ती फक्त वाफ असते. उन्हाळ्यात प्रमाण कमी आणि रंग गडद असतो.

सुरुवातीला हजार किलोमीटरनंतर एकदा कॉक उघडून किती निघते ते पाहावे आणि त्यावरून अंतर ठरवावे. हिवाळ्यात ते अंतर निम्मे करावे, आणि समृद्धीवर लांब प्रवासाला निघण्यापूर्वी कॅन न चुकता रिकामा करावा. भरलेला कॅन रिकाम्या कॅनपेक्षा वाईट, कारण वेगात असताना त्यातले साचलेले द्रव एकदम टर्बोत ओढले जाऊ शकते. निघालेले द्रव नालीत ओतू नये. मनीषनगरच्या नाल्यांतले पाणी शेवटी नदीलाच मिळते, आणि वापरलेले ऑइल नियमानुसार घातक कचऱ्यात मोडते. जुन्या डब्यात साठवून गॅरेजमधल्या टाकाऊ ऑइलच्या पिंपात द्यावे.

वाडी नाका गॅरेज

हे आणून दिलेले तेल कोणतेही चांगले गॅरेज घेते, संकोच करू नये. फक्त माझे मत अजूनही तेच आहे. आपण आत्ताच जास्तीचे ऑइल काढले आहे. इंटरकूलरचा पाइप पुसून कोरडा करावा, संभाजीनगरला एक-दोन वेळा जाऊन यावे आणि मग पाइप पुन्हा उघडून पाहावा. थर नाममात्र असेल तर कॅनचे पैसे राखून ठेवावेत आणि गाडी लाखाच्या घरात आली की व्हॉल्व्हवर कॅमेरा टाकून पाहावा. गरज पडली तर अक्रोडाच्या कवचाच्या भुग्याचा मारा करून व्हॉल्व्ह स्वच्छ करता येतात. पाइपात पुन्हा तेल साचलेले दिसले तरच हिंगणा एमआयडीसी यांनी सांगितल्याप्रमाणे ब्रीदरच्या नळीवर कॅन बसवावा.